करंजगडचा बिघडलेला घोडा

दसऱ्याच्या तोंडावर करंजगडच्या पागेत एक घोडा आला, तोही पाठीवर हे एवढं टेंगूळ घेऊन.

घोडा कसला, उंट होता तो! वाळवंटातल्या एका राजानं भेट धाडलेला. पण करंजगड पडलं डोंगरातलं, तिथं उंट कुणाच्या बापानं पाहिलाय? भगवंतराव महाराजांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि सांगून टाकलं, "घोडाच आहे. वाटेत बिघडलाय."

घेऊन आलेला माणूस आपला "उंट, उंट" म्हणत राहिला.

"घोड्याला तिकडं उंट म्हणत असतील," महाराज म्हणाले.

झालं! घोड्यांची निगा राखणाऱ्या राणबाला हुकूम सुटला, "याची पाठ सपाट कर, मान सरळ कर. दसऱ्याची सवारी याच्यावरूनच निघेल. नाही जमलं तर बिऱ्हाड उचल आणि गड उतर."

राणबानं तेल चोळलं. वैद्यबुवांनी लेप थापला. दिवाणजींनी तर टेंगळावर वरवंटा फिरवायला लावला, आणि बसतंय का बघायला जवळ गेले, तर उंट त्यांच्या पागोट्यावरच थुंकला. टेंगूळ होतं तसंच. शेवटी राणबा भांडीकुंडी बांधायला बसला.

"आबा, ते गाठोडं सोडा," त्याची लेक येसू म्हणाली, "आणि गोधडी तेवढी मला द्या."

दसऱ्याच्या सकाळी महाराज आले ते पागेच्या दारातच थबकले. त्यांची लाडकी पांढरी घोडी शेवंती पाठीवर गोधडीचं गाठोडं बांधून उभी! पुढ्यात बाभळीचे काटे. पाण्याची बादली उचलून दूर ठेवलेली. आणि येसू तिची मान धरून वर ओढतेय.

"अगं ए पोरी, काय चालवलंयस?"

"दुरुस्ती, महाराज. पाहुण्याचं टेंगूळ काही बसेना. दोघं एकाच जातीची, म्हटलं, त्याचं बसत नाही तर हिचं उठवू. जोडी सारखी दिसल्याशी कारण."

"आणि हे काटे?"

"तो आवडीनं खातो. हीच मेली नखरे करतेय."

"पाणी कुठाय?"

"त्याला कुठं रोज लागतं? हिला पुढच्या आठवड्यात देईन."

"मरेल ती! काटे खायचे, पाण्यावाचून राहायचं, पाठीवर डोंगर वागवायचा, असा घोडा असतो होय?"

येसूनं मान खाली घातली. "नसतो का, महाराज?"

महाराजांनी शेवंतीकडं पाहिलं. उंटाकडं पाहिलं. पुन्हा शेवंतीकडं. उंट मजेत रवंथ करत होता. दिवाणजी गुपचूप मागं सरकले.

"म्हणजे आम्ही चुकलो म्हणतेस?"

राणबानं डोळे गच्च मिटून घेतले.

"छे हो! गडाला एक दार कमी पडलंय, एवढंच. गाईला गोठा, घोड्याला पागा, हत्तीला हत्तीखाना. हा बिचारा कुठल्या दारानं आत येणार?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग जे हसू फुटलं म्हणता, शेवंती दचकून गोधडी पाडून मोकळी झाली.

"दिवाणजी, याला वेगळी जागा बांधा. देखरेख राणबाची. आणि तुला काय हवं, येसू?"

"दोन जागा बांधा, महाराज. एक याची."

"दुसरी?"

"ती रिकामी ठेवा. पुढच्या दसऱ्याला काय येईल, कुणी पाहिलंय?"

महाराज हसत हसत चाऱ्यावरच बसले. गळ्यातला कंठा काढून येसूच्या गळ्यात घातला, आणि सवारीला निघाले ते उंटावरून. दिवाणजी मात्र पायी, आणि पागोटं काखेत.