एका पावलाचं लेणं

ठाकरवाडीच्या वरच्या लेण्यात बुद्धाची मूर्ती नाही. मागच्या भिंतीपाशी एक अवजड शिळा आहे, तिच्यावर कोरलेलं रिकामं आसन आणि आसनापुढे पाऊल. एकच, उजवं. बाकी ठिकाणी पावलं जोडीनं असतात. पाहुणे नेमकं हेच विचारतात, आणि वाट दाखवणारी पोशीआजी त्यांना आधी उंबऱ्याबाहेरच थोपवते. इथे हाक घातल्याशिवाय आत जायचं नाही.

असं सांगतात, की बुद्धाची मूर्ती घडवायची चाल अजून पडली नव्हती, त्या काळी सामिक नावाच्या पाथरवटानं हे लेणं खोदायला घेतलं. धाकटा भाऊ धमरख त्याच्या जोडीला. पावसाळ्याआधी भिक्खूंना निवारा देईन, असा सामिकचा शब्द होता.

मोठा खडक फोडायचा तर भोकं पाडून त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी ओतायचं. लाकूड फुगतं, खडक तडकतो. पण ओतण्याआधी मुख्य पाथरवटानं तीनदा हाक द्यायची, आणि खालून उत्तर आलं नाही तरच घागर कलंडायची.

वीस वर्षं छिन्नीचे घाव झेलून सामिकचे कान गेले होते. पण खडक पोकळ की भरीव, हे पाथरवट वाजवून ओळखतो; बहिऱ्याला कोण कामावर ठेवणार? म्हणून त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लोकांचे ओठ पाहून तो निभावून न्यायचा.

त्या दुपारी बाकीचे जेवायला गेले होते. धमरख शिळेखालच्या कपच्या काढायला शिरला आणि त्याचा डावा पाय कपारीत अडकला. वरून सामिकनं तीनदा हाक दिली.

"दादा, थांब! पाय अडकलाय!" धमरख जिवाच्या आकांतानं ओरडला.

सामिकला सगळं शांत वाटलं. त्यानं घागर रिकामी केली.

दुसरी घागर घेऊन त्याची बायको पुसा आली. खालचा आवाज ऐकून तिच्या हातून घागर सुटली, आणि तिचा चेहरा पाहून सामिकला सगळं उमगलं. तो पाचरी नखांनी उपसू लागला. फुगलेली पाचर निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! माणसं धावून आली, पण पाय काही सुटेना. खालून येणारा एकेक शब्द पुसा ओठ हलवून नवऱ्याला सांगत राहिली, म्हणे. शेवटचा निरोप असा होता: "वहिनी, दादाला सांग, माझाच आवाज बारीक पडला असेल."

दिवस मावळायच्या आत शिळा तडकून धमरखवर बसली.

ती काढायची तर पुन्हा पाचरी आणि पुन्हा पाणी. सामिकनं ते होऊ दिलं नाही. त्याच शिळेवर त्यानं आसन कोरलं आणि पुढे एक पाऊल. वृद्ध भिक्खूंनी विचारलं, "दुसरं?"

"ते खाली अडकलंय," सामिक म्हणाला.

आजही उंबऱ्याशी तीनदा हाक घालून थांबायची रीत आहे. पोशीआजी हाक देते आणि पाहुण्यांकडे वळते. "माझं कान गेल्यात, पोरांनो. लाज कसली त्यात? तुम्हीच ऐका, आतून कुणी थांब म्हनतंय का?"

मग भर दुपारी सगळे कान देऊन उभे राहतात.