कमळूच्या कड्याची विचारणी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. साल कुणालाच आठवत नाही, पण तिथी आणि हवा हिरडमाळात अजून सगळ्यांना पाठ आहे. वैशाख वद्य तृतीया. सकाळपासून आभाळ दाटलेलं, वारा साफ पडलेला, झाडाचं पानही हलत नव्हतं. उकाड्यानं माणसं दारात बसून होती, आणि कड्याकडून माश्यांचा घूं घूं आवाज एरवीपेक्षा जवळ ऐकू येत होता.

त्या दिवशी जे घडलं ते कमळू ठाकराच्या हातून घडलं, म्हणून आधी कमळू कोण ते ऐका.

हिरडमाळ ही घाटमाथ्यावरची ठाकरांची वाडी. वाडीच्या पश्चिमेला सरळ तुटलेला कडा, आणि कड्याच्या पोटाला आग्या मोहोळं. ती काढायला माणूस वेलाच्या दोरानं खाली उतरतो आणि वर एकजण दोर धरून बसतो. दोर कुणी धरायचा याचा कायदा पक्का होता. उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानंच तो धरायचा. भाऊबंद वाट्यासाठी दोर कापील, पण सख्ख्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल? आणि बायको मेली, की त्या माणसानं पुन्हा कड्यावर उतरायचं नाही, कारण आता त्याचा दोर धरणाऱ्याला कशाचंच भय उरलेलं नसतं.

कमळूसारखा मोहोळ काढणारा त्या डोंगरात दुसरा नव्हता. त्याची बायको नवशी, आणि तिचा भाऊ बुधा दोर धरायचा.

एका साली कोकणातल्या बंदरावरून घाट चढून एक परदेशी म्हातारा वाडीत आला. चीन देशाचा बैरागी होता. आपल्या मार्गाला तो ताओ म्हणायचा, म्हणून लोक त्याला तावबाबा म्हणू लागले. कड्याजवळच्या कपारीत तो राहिला आणि कमळू त्याच्यापाशी जाऊन बसू लागला. म्हाताऱ्याची भाषा मोडकी होती, पण त्यानं कड्याकडे बोट दाखवून सांगितलं, “माशी म्हणजे मन. कडा म्हणजे तुझा मूळ स्वभाव. माशी येते, जाते. कडा आहेच.”

कमळूला वाटलं, एवढंच ना? माश्या हाकलल्या की कडा दिसेल. मोहोळाला धूर द्यावा तसा तो मनाच्या मागे लागला. विचार आला की दाबायचा, आठवण आली की दाबायची. असं म्हणतात की तो इतका निश्चल बसायचा की त्याच्या गुडघ्यावर सरडे चढायचे. वाडीतले लोक लांबून हात जोडायचे, आणि ते हात त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळायचे. ते त्याला गोड वाटायचं.

मग पावसाळ्यात नवशीला ताप भरला. बुधा कपारीच्या तोंडाशी येऊन ओरडला, “दाजी, उठा! नवशी तुमचं नाव घेतीय!” कमळूनं ते ऐकलं. पण मन हललं तर इतक्या दिवसांची बैठक मोडेल, असं त्याला वाटलं. तो उठला नाही. तो उठला तेव्हा नवशी गेलेली होती.

तावबाबा त्या वेळी मुळं खणायला रानात गेला होता. परत आल्यावर त्यानं सगळं ऐकलं आणि कमळूला कड्याच्या काठावर नेलं. “हाक मार,” तो म्हणाला. कमळूनं हाक मारली. कड्यानं लगेच ओ दिली.

“बघ. मधे विचार करत नाही, मागचं धरत नाही. हाक आली, ओ दिली. तू धूर केलास, माश्या झिंगून पडल्या आणि त्यालाच तू कडा समजलास. तू नुसता दगड झालास.”

त्यानंतर बुधा कमळूशी बोलला नाही. वाटेत गाठ पडली तर थुंकून पुढे जायचा.

आता त्या तिथीचं ऐका. वाडीतले गडी सगळे खालच्या गावी लग्नाला गेले होते. बुधा राहिला होता, कारण आदल्या साली झाडावरून पडून त्याचा गुडघा कायमचा निकामी झाला होता. त्याची मुलगी ठकी करवंदं तोडायला कड्याच्या काठाला गेली. सुकलेल्या गवतावरून पाय सरकला आणि ती घसरत खालच्या फळीवर जाऊन अडकली. फळी म्हणजे कड्यातून पुढे आलेला दगड, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढा. आणि तिच्या डोक्यावर बैलगाडीच्या चाकाएवढं आग्या मोहोळ. ठकी रडू लागली तशी मोहोळावर माश्यांची लाट फिरली. अशी लाट फिरली की ती शेवटची ताकीद असते, हे ठाकराच्या पोराला कळतं. ठकीनं तोंडात पदर कोंबला.

बुधाची बायको चांगुणा धावत कपारीशी गेली. “कमळूभाऊ!” एवढंच ती म्हणाली. दुसरी हाक तिला मारावी लागली नाही.

काठावर बुधा दोर घेऊन उभा होता. त्याच्या पायानं उतरणं होणार नव्हतं. कमळूला पाहून तो म्हणाला, “या साधूबाबा. आज बरं ऐकू आलं.”

कमळू दोर कमरेला बांधू लागला.

“धूर करायचा?” चांगुणानं विचारलं.

“नको. वारा नाही. धुरानं माश्या खाली पडतील, अन् खाली ठकी हाय.”

“मी धरते दोर,” चांगुणा म्हणाली. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला होता.

“तू हो बाजूला,” बुधा म्हणाला. “ह्याचा दोर मीच धरीत आलोय.” त्यानं हिरड्याच्या खोडाला दोराचा एक वेढा दिला आणि बसला. कमळूनं त्याच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि काठावरून पाय सोडले.

दिवसाढवळ्या, धुरावाचून, आग्या मोहोळाच्या हातभर अंतरावरून त्याला जायचं होतं. भ्यालेल्या माणसाचा घाम माशीला लांबून कळतो. मोहोळाच्या बरोबरीला आला तेव्हा दोर एकदम हातभर खाली सुटला.

वर एक माशी बुधाच्या डोळ्याला डसली होती आणि त्याची पकड निसटली होती. पण खाली हे कुणाला कळणार? कमळूच्या मनात एकच गोष्ट उठली. सोडला. बुधानं दोर सोडला. त्याच्या कपाळावर घाम आला आणि माश्यांची लाट फिरली. एक माशी मानेला डसली, दोन खांद्याला.

कमळूनं माशी झटकली नाही. भीतीही झटकली नाही. भीती आली होती, ती घोंघावत होती, तिला त्यानं घोंघावू दिलं. बुधा मारील, नवशी मेली, मी उठलो नाही, सगळं आलं आणि त्याच्या अंगावर बसलं. त्यानं कशालाच धूर दिला नाही. आणि ज्याच्यावर ते सगळं बसलं होतं ते जागच्या जागी होतं.

असं म्हणतात की तेव्हा मोहोळाच्या साऱ्या माश्या उठल्या आणि कमळूच्या अंगावर येऊन बसल्या. डोक्यापासून पायापर्यंत, सदऱ्यासारख्या. ठकीनं वर पाहिलं तर माश्यांचा माणूस खाली येत होता आणि त्याचे फक्त दोन डोळे दिसत होते. पुढे ती म्हातारी झाली तरी सांगायची, “भ्याले नाही मी. ते डोळे मामाचेच होते.” आत्याचा नवरा म्हणून ती त्याला मामा म्हणायची.

फळीवर उतरून कमळूनं कमरेचा दोर सोडला. माश्यांनी भरलेल्या हातांनी तो ठकीच्या काखेखालून बांधला. एकही माशी तिच्या अंगावर गेली नाही. त्यानं दोराला दोन हिसके दिले. बुधा आणि चांगुणा दोघांनी ओढलं. ठकी वर पोचली आणि आईच्या गळ्यात पडली.

कमळू फळीवर उभा होता. वर काठ, खाली दरी.

दोर बुधाच्या हातात होता. त्याचा उजवा डोळा सुजून मिटला होता. चांगुणा म्हणाली, “अवं, सोडा ना दोर खाली.” बुधानं दोर मुठीत आवळला. मग तो रांगत काठाशी गेला आणि खाली ओरडला,

“नवशीसाठी हाक मारली तवा ऐकू आलं होतं का?”

कड्यानं त्याचेच शब्द परत फेकले. ते विरायच्या आत खालून उत्तर आलं.

“आलं होतं.”

चांगुणानं डोळे मिटून घेतले. आजवर वाडीत सगळे म्हणत होते की कमळू समाधीत होता, त्याला कसं ऐकू जाणार. कमळूही ते खोडत नव्हता. ‘नाही’ म्हणायला त्याला जागा होती, आणि खरं बोलल्यावर दोर आला नाही तर खाली दरी होती.

बुधानं काठावरच्या गवतात तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते. मग तो उठून खोडापाशी गेला, दोराला नवा वेढा दिला आणि दोर खाली सोडला.

“धरा दाजी,” तो म्हणाला. “नीट बांधा.”

कमळू वर आला. काठावर पाय ठेवला तशा माश्या उठल्या आणि एकेक करून मोहोळाला परत गेल्या. असं म्हणतात की त्याच्या अंगावर पहिले तीन सोडून चौथा डंख नव्हता. बुधाचा उजवा डोळा मात्र गेला तो गेलाच.

पुढे तावबाबा पावसाआधी घाट उतरून निघून गेला. कमळू पुन्हा मोहोळं काढू लागला. विधुरानं कड्यावर उतरायचं नाही हा कायदा त्याच्यापुरता मोडला, कारण त्याचा दोर मरेपर्यंत बुधानं धरला. असं म्हणतात की कमळू गेला त्या दिवशी कड्यावरची सगळी मोहोळं एकदम उठली, वाडीवरून एक फेरी घालून परत जागेवर बसली, आणि कुणालाही डसली नाहीत.

आजही हिरडमाळात वैशाखात मोहोळ काढायला जातात, तेव्हा उतरणारा आणि दोर धरणारा काठाशी समोरासमोर बसतात. दोर धरणारा एक प्रश्न विचारतो. मनात जे साचलं असेल ते, कितीही जुनं. उतरणाऱ्यानं लगेच आणि खरं उत्तर द्यायचं. मग दोर बांधतात. उत्तर कितीही वाईट असलं तरी बांधतात. याला कमळूची विचारणी म्हणतात.

गेल्या वैशाखात सोमा पारध्याला त्याच्या मेव्हण्यानं विचारलं. सोमा खाली पाहत बसून राहिला. मेव्हण्यानं दोर गुंडाळला. दोघं वाडीत परत आले. मोहोळ कड्यावरच राहिलं.