भागीरथीबाईंचा मंगळवार

“आप्पांनी इथं यायचं कधी सोडलं, बुवा?”

गंभीरबुवा मठाच्या पडवीत बसून एका जाडजूड पुस्तकावरची धूळ उपरण्यानं पुसत होते. त्यांनी शाल्मलीकडे पाहिलं.

“सोडलं? शेवटच्या आठवड्यापर्यंत येत होते की.”

दोन वर्षं परदेशी शिकून, गावात वाचनालय काढायचं मनाशी पक्कं करून ती परतली होती. पण वडील, म्हणजे आप्पा, गेल्यावर महिन्याने.

या मठात दुपारी पोथी नव्हे, कादंबरी वाचली जाई. एका इनामदार घराण्याच्या पाच पिढ्यांची, नऊ खंडांची. रोज सहा पानं. आप्पा दर रविवारी फोनवर तिला त्या घरातलं सांगत, भाऊबंदांकडची खबर सांगावी तसं. धाकट्या शाखेनं वेगळी चूल मांडली. भागीरथीबाईंनी भर बैठकीत दिराला खाली बघायला लावलं. ऐन मोक्याला आप्पा थांबत. गॅसपाशी उभी असलेली शाल्मली म्हणे, “मग?” आप्पा हसत. “मग पुढच्या रविवारी.” तिकडच्या बर्फातल्या त्या खोलीत तेवढा तासभर आपलं गाव असे.

पुढे तिथल्याच ग्रंथालयात तिला नऊही खंड मिळाले. एका हिवाळ्यात तिनं सगळ्यांचा फडशा पाडला.

आणि एका रविवारी, घाईत, जराशा ऐटीतच, ती बोलून गेली, “आप्पा, किती दिवस भागीरथीबाई, भागीरथीबाई? सातव्या खंडात प्लेगनं जातात त्या.”



आप्पांनी विचारलं, “जेवलीस का?”

त्यानंतर त्यांनी त्या घराची गोष्ट कधी काढली नाही.

हे सगळं तिनं बुवांना सांगितलं. मध्ये दोनदा थांबून सांगितलं.

“शेवट सांगून टाकला मी, बुवा. त्यांची गोष्ट हिरावून घेतली. ते सुख त्यांनी सोबत न्यायला हवं होतं.”

“कुणाचा शेवट सांगितलास?”

“भागीरथीबाईंचा.”

“तो त्यांना ठाऊक होता.”

“म्हणजे?”

“नववा खंड संपला की आम्ही पहिला काढतो. फेरीला तीन वर्षं लागतात. तुझ्या आप्पांची ही तिसरी फेरी. तू विमानात बसलीस त्याच महिन्यात सुरू झालेली.”



बुवा म्हणाले, तिनं नऊ खंड संपवल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी मठात पेढे वाटले होते. पोरगी पुढे गेली म्हणून.

“मग फोनवर ती गोष्ट का बंद केली?”

बुवांनी पुस्तकातली खूण काढली, परत ठेवली.

खाली नदीच्या घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. शाल्मलीला त्यानंतरचे रविवार आठवले. तिकडे थंडी किती, इकडे लाइट गेली, मावशीचा गुडघा… तासाभराचा फोन पाच मिनिटांवर आला होता. एकदाही तिनं “मग?” म्हटलं नव्हतं. आणि तिला वाटलं होतं, म्हातारपण.

तिनं डोळे पुसले नाहीत.

एकेक करून मंडळी जमू लागली. निवृत्त कंपाउंडर आले. हार विकणाऱ्या कासाबाई आल्या आणि खांबाला टेकता टेकता तिला म्हणाल्या, “बसा ताई. तिकडं खुर्च्या असतील, आमच्यात भुईच हाय.”

कुणी त्यांना केळं देऊ केलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मंगळवार धरलाय, कडकडीत उपास, म्हणाल्या. भागीरथीबाईंसाठी. कालच्या पानांत शेजारगावी उंदीर मरून पडायला लागलेत, तेव्हापासून जिवाला घोर आहे.

बुवा शाल्मलीच्या कानाशी हळूच म्हणाले, “यांची चौथी फेरी.”

कासाबाईंनी मान वळवली.

“ताई, तुम्ही शिकलेल्या. समदं वाचलंय म्हनं तुम्ही.” त्यांचा आवाज खाली आला. “वाचतील का वो आमच्या भागीरथीबाई?”

कंपाउंडरनं चष्मा काढून हातात धरला. सगळे तिच्याकडे पाहत होते.

शाल्मलीला पान आठवत होतं. ओळसुद्धा.

“ठाऊक नाही, मावशी,” ती म्हणाली. “आपण बघू.”

आणि कासाबाईंशेजारी भुईवर बसली.

बुवांनी पुस्तक उघडलं.

“वाचलं होतंस तू. आज तुला ऐकू येईल,” ते म्हणाले.