वही शोधायला लागणारा वेळ

"पण बुवा, यंत्राची चूक झाली कुठे?" शर्वाणी तिसऱ्यांदा विचारत होती.

शर्वाणी चित्रकलेची शिक्षिका. प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नसताना तिने पडद्यावर नुसते चौकोन जोडत तीन दिवसांत मठासाठी एआय एजंट उभा केला होता. मठाच्या सभामंडपात लग्नं लागतात. त्यांच्या तारखा आता तो बघणार. आजवर त्या बघणारे हरगीर बुवा ऐंशीला टेकलेले, त्यांना विसावा मिळावा एवढाच हेतू. अभिमान मात्र हेतूच्या पुढे गेला होता.

आज पहिलाच दिवस. सकाळी दामू शेलार व्याह्यांशी भांडून तणतणत आला आणि पोरीची तारीख रद्द कर म्हणाला. एजंटने पापणी लवायच्या आत ती रद्द केली, खोळंबलेल्या दुसऱ्या घराला देऊनही टाकली.

दुपारपर्यंत भांडण मिटलं. मोसमातला शेवटचा मुहूर्त मात्र गेला होता. दामू पायरीवर डोकं धरून बसला होता.

"त्याने 'नक्की ना?' असंही विचारलं होतं, बुवा. दामूकाका 'हो' म्हणाले."

"रागातला माणूस दुसरं काय म्हणणार?"

"तुमच्याकडेही येत असतील की असे."

"पुष्कळ..."

"मग किती तारखा रद्द झाल्या?"

बुवांनी आठवून पाहिलं. "दोन."

"समजूत घालायचात?"

"छे. एवढं बोलायचं त्राण कुणात आहे? म्हणायचो, बस जरा, तारखांची वही आत आहे, शोधून आणतो. चांगला अर्धा तास लागायचा. बाहेर येईस्तोवर बहुतेक जण निघून गेलेले असायचे."

शर्वाणीला हसू आलं. "म्हणजे वही वेळेवर सापडायची नाही! बुवा, तेच तर मी सुधारलं."



जमिनीला हात टेकून बुवा एका अंगावर कलले आणि बसल्या आसनाखालून वही ओढून काढली. बसून बसून तिचा पुठ्ठा गुळगुळीत झाला होता.

"ही... इथे कधीपासून?"

"चाळीस वर्षं."

बाहेर दामूने नाक ओढलं. शर्वाणीला त्याच्याकडे बघायची लाज वाटली.

"मी आता काय करू, बुवा?"

बुवांनी गुडघे चोळले.

"माझ्याने आता उठवत नाही, पोरी. तुझ्या यंत्राला वही शोधायला आत जाता येतं का बघ."