जिलबीला नाही म्हणताना

एकदा एका ॲप बनवणाऱ्या कंपनीत एक नियम होता : 'हो' समोर असावं, 'नाही' दूर असावं. या नियमाला 'का' विचारायचं नसे.

नियम घालून दिला होता एका वृद्ध गुरुजींनी. त्यांचं ॲप मंगल कार्यालयांना एका दिवसापुरते वाढपी पुरवत असे. सकाळी वाढप्याचा फोन वाजे, 'आज काम आहे, येणार?' आणि पडदाभर हिरवं 'हो' दिसे. 'नाही' तीन पानं आत होतं, तिथंही आधी कारण लिहायचं. उत्तर मिळेपर्यंत फोन वाजतच राही. 'हो' म्हणून तीनदा न आलेल्याचं नाव यादीतून कायमचं कापलं जाई.

मथुराबाई नावाच्या वाढपिणीचं नाव कापण्याचं काम गुरुजींच्या तरुण शिष्येकडे आलं. तिनं आधी बाईंना फोन लावला.

"पोर तापानं फणफणलेलं, अन् फोन कोकलतोय," बाई म्हणाल्या. "त्याचं तोंड बंद करायला दाबलं हिरवं. तिन्ही बारीला तसंच झालं. दुसरं काय दिसतच न्हाई, ताई! पण नाव नका कापू. मला एवढंच काम हाय."

शिष्येनं गुरुजींना हे सांगितलं. गुरुजींनी तिला आपला तीस वर्षांचा अनुभव सांगितला. उत्तर नसलं की ज्येष्ठांकडे अनुभव असतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्धापनदिनाची पंगत बसली. शिष्या पदर खोचून जिलबी वाढायला उठली. गुरुजींनी पानावर हात आडवा धरला.

"बस, बाळ, नको."

"हा नकार चालणार नाही, गुरुजी. उठा, मोरीपाशी जा, तिथल्या वहीत कारण लिहा, मग परत या."

"आणि तोवर?"

"तोवर जिलबी."

तिनं वाढली. पुन्हा वाढली. पंगत हसून लोळायची राहिली. शेजारी बसलेले कंपनीचे मालक ओरडले, "वाढ गं, सोडू नकोस त्यांना!" मग तिनं मालकांनाही सोडलं नाही.

पंगत उठली तेव्हा दोघांच्या पानांत जिलब्यांचा ढीग होता.

"पानात टाकलंत?" शिष्या म्हणाली. "मग पुढच्या पंगतीतून तुमची नावं कापू?"

"अगं, आम्ही नको म्हणत होतो!" गुरुजी म्हणाले.

"मथुराबाईही तेच म्हणत होत्या. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचं 'हो' खरं कसं मानायचं? त्या आल्या नाहीत हा दोष आपल्या पडद्याचा आहे."

मालक मनापासून हसले. "शाब्बास! दृष्टांत झकास होता. आता जा, आणि त्या बाईचं नाव काप."

"नाही."

"कारण?"

"नाही, एवढंच."

मालकांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी शिष्येकडे पाहत होते. त्यांनी तिच्या हातातलं जिलबीचं ताट घेतलं, आणि "तोवर जिलबी," म्हणत मालकांच्या पानात आणखी एक वाढली.