टिवलीला हवं हिरवं कुंपण

टिवली शिंपीण, पानं शिवून घरटं करणारी चिमुकली पक्षीण, डोंगरावरून परत आली.
तिला वाटलं, बागेच्या कडेला गच्च अडुळसा असेल. करवंदाची जाळी असेल.
बघते तर काय? नुसती तार. इकडून तिकडे तार. रस्त्यावरची धूळ सरळ आत.

टिवलीला अंडी घालायची होती. घरटं हवं होतं. आत्ता हवं होतं.
शेपटी वर, शेपटी खाली. पाय एका जागी ठरेना.

टुण टुण, टुण टुण. गेली म्हादूकाका माळ्याकडे.
"काका काका, कडेला फांद्या लावा. माझं घरटं होईना."
"लावल्या असत्या गं बाई. पण कुदळ मारली की टणकन उडते. गांडूळ माती पोखरेल, तर मी लावीन."

टुण टुण, टुण टुण. गेली गांडूळदादाकडे.
"दादा दादा, माती पोखर. काका फांद्या लावेनात, माझं घरटं होईना."
"या कोरड्या मातीत? अंग सोलून निघेल माझं. नळ पाणी देईल, तर मी पोखरीन."

टुण टुण, टुण टुण. गेली नळोबाकडे.
"नळोबा नळोबा, पाणी दे. गांडूळ माती पोखरेना, काका फांद्या लावेनात, माझं घरटं होईना."
"कसं देऊ? माझी चावी बायजाआत्या काढून नेते. म्हणते, पोरं पाणी सांडतात. आत्या चावी लावेल, तर मी देईन."

टुण टुण, भुर्रर्र. गेली आत्याच्या गच्चीत.
"आत्या आत्या, चावी लाव. नळ पाणी देईना, गांडूळ माती पोखरेना, काका फांद्या लावेनात, माझं घरटं होईना."
"मला नाही वेळ. माझा कढीपत्ता अळ्यांनी खाल्ला. आज फोडणीला एक पान नाही. अळ्या जातील, तर मी येईन."

टुण टुण, टुण टुण. गेली कढीपत्त्याच्या कुंडीवर.
"अळ्यांनो अळ्यांनो, जा ना. आत्या चावी लावेना, नळ पाणी देईना, गांडूळ माती पोखरेना, काका फांद्या लावेनात, माझं घरटं होईना."
"नाही जात," अळ्या म्हणाल्या. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

टिवली थांबली. अळ्यांकडे नीट बघितलं.
हिरव्या. गुबगुबीत.
सकाळपासून तिनं काहीच खाल्लं नव्हतं.
टप्. टप्. टपाटप. एकही अळी उरली नाही.

मग आत्यानं चावी लावली, किर्र किर्र.
नळानं पाणी दिलं, धो धो.
गांडुळानं माती पोखरली, सर्र सर्र.
काकांनी फांद्या लावल्या, खच् खच्. अडुळसा, करवंद, निर्गुडी.

"एवढ्याशा?" टिवली म्हणाली. "अंडी कुठे घालू?"
"घाई बघा हिची," काका हसले. घरचा मोठा अडुळसा त्यांनी मुळासकट आणला. तोही कडेला लावला.
संध्याकाळपर्यंत त्यानं मान टाकली. टिवली सारखी त्याच्याभोवती फिरत राहिली.

सकाळ झाली. बुलबुल आला.
"पलीकडच्या बागेत दाट झाडी आहे. चल की."
टिवलीनं अडुळशाकडे बघितलं. एक रुंद पान ताठ उभं होतं. एकच.
तिनं चोचीनं पानाला भोक पाडलं. कापसाचा धागा ओवला.
"तू जा," ती म्हणाली. "मी इथंच राहणार."