ढेंबरे मास्तरांची गेमवाली शाळा

पिंपळझरी गावात एक भोळे मास्तर होते. आडनाव ढेंबरे. जे सांगाल ते तसंच्या तसं करायचे. त्यात काना-मात्रेचाही फरक नाही.

गावातल्या पोरांना मोबाइलवरच्या गेमचं वेड लागलं. शाळा ओस पडायला लागली. वरून तंबी आली, हीच गत राहिली तर शाळा बंद.

तेवढ्यात तालुक्याला प्रशिक्षण झालं. तिथले तज्ज्ञ म्हणाले, "पोरांना गेम आवडतो ना? मग शाळाच गेमसारखी करा. एक टप्पा पार झाल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही."

मास्तर खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला आतून कुलूप घातलं.

"सतराचा पाढा म्हणा. मग दार उघडेल."

पाढा कुणालाच येईना. बाहेर खिचडी शिजली, निवली, तिच्यावर कावळे जमले. आत पोरं रडकुंडीला आली. शेवटी हेडबाई खिडकीशी आल्या.

"अहो मास्तर, तुम्हीच म्हणून टाका पाढा आणि उघडा दार!"

"मीच सतरा सत्तेला अडकलोय बाई."

कोयंडा तोडावा लागला. हेडबाईंनी कपाळाला हात लावला. "मास्तर, गेममध्ये कुणी अडलं की हिंट मिळते. अडलेल्याला चटकन सांगून मोकळं व्हायचं."

"कळलं बाई."

पुढच्या आठवड्यात परीक्षा आली. एक पोरगी पेन्सिल चावत बसलेली दिसली. अडली बिचारी! मास्तरांनी तिला उत्तर सांगितलं. मग शेजारच्याला. मग फळ्यावरच सगळी उत्तरं लिहून टाकली. एक पोरगा गैरहजर होता, त्याला मास्तर घरी जाऊन सांगून आले. वर्गात सगळ्यांना पैकीच्या पैकी.

"मास्तर!" हेडबाई ओरडल्या. "परीक्षेत हिंट नसते. समोरच्यानं कितीही विचारू दे, तोंडातून ब्र काढायचा नाही."

"कळलं बाई."

मग तालुक्याचे साहेब शाळा बघायला निघाले. ठेवायची की बंद करायची, ते आजच ठरणार होतं. हेडबाईंनी मास्तरांना वाट दाखवायला फाट्यावर उभं केलं. जीप आली. साहेबांनी काच खाली केली.

"पिंपळझरीची शाळा कुठं आली हो?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. साहेब विचारतायत, म्हणजे ही परीक्षाच.

"अहो, डावीकडं की उजवीकडं?"

मास्तरांना घाम फुटला. पण ब्र काढला नाही.

साहेब वैतागून उजवीकडं गेले ते वीटभट्टीवर पोचले. तिथून विचारत विचारत शाळेत आले तेव्हा विटांच्या धुळीनं भुवयांपर्यंत लाल झाले होते. हेडबाईंनी हातापाया पडून त्यांना चौथीच्या वर्गात बसवलं आणि मास्तरांना बाजूला घेतलं.

"आता वर्गात कुणी चुकलं तर गप्प राहू नका हं. गेममध्ये चुकलं की काय होतं? पुन्हा पहिल्यापासून! तसंच हसत हसत, प्रेमानं करून घ्यायचं. मी चहा टाकून आलेच."

"कळलं बाई."

साहेबांनी एका पोराला उभं केलं. "तेरा सक किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"चूक! अडुसष्ट."

पोरं खुदकन हसली. मास्तरांनी मनात तीनतीनदा पाढा म्हणून बघितला. चुकले होते ते साहेब. मग हसत हसत, प्रेमानं त्यांनी साहेबांचा हात धरला.

"चला, पुन्हा पहिलीपासून."

आणि साहेबांना पहिलीच्या वर्गात नेऊन सतरंजीवर बसवलं. साहेबांना वाटलं, हीच ती गेमची नवी पद्धत असावी. मांडी घालून पाटी घेऊन बसले.

इकडे चहा झाला. हेडबाई कपबशी घेऊन आल्या तर खुर्ची रिकामी.

"मास्तर, साहेब कुठायत?"

"पहिलीत बसवले होते बाई. पण तक्त्यावरच्या हंसाला बदक म्हणाले."

"मग?"

"मग काय, अंगणवाडीत नेऊन बसवले. सेविकाताई वजन करतायत." मास्तर जरा काळजीत पडले. "पण बाई, वजनाची झोळी फाटली. त्यांची आईपण सोबत नाही. रडायला लागलेत."